मागचा दिवा

त्याचं खरं नाव लायसन्सवर होतं आणि ते तिथेच राहिलं. बाकी सगळे त्याला सावकाश म्हणत. हे नाव ठेवणारे सगळे घाईतले लोक होते. वळणावळणाच्या उतारावर त्याच्या पिकअपच्या मागे अडकून पडायचे, हॉर्न वाजवून बोटं दुखली की शिव्या द्यायचे, आणि शिव्या संपल्या की नावं ठेवायचे. त्यातलं हे एक टिकलं. त्याला स्वतःला ते आवडायचं. काही माणसांना आयुष्यभर खपून एवढं नेमकं नाव मिळत नाही.

शहर तलावाच्या काठाला, आणि होड्या बांधायची शेड मात्र वर, डोंगराच्या कुशीत, वीस किलोमीटरवर. पाणी खाली आणि होड्या वर, हा शहाणपणा पहिल्यांदा कुणाला सुचला ते आता कुणाला सांगता येत नाही. वर लाकूड कोरडं राहतं असं होडी बांधणारा म्हातारा म्हणे. ते काही असो, बांधलेली होडी खाली न्यायला कुणीतरी हवं होतं, आणि जुनी होडी दुरुस्तीला वर आणायलाही. ते काम एकतीस वर्षं सावकाशने केलं. एक पिकअप, तिच्यामागे दोन चाकांचा लांब ट्रेलर, ट्रेलरवर पट्ट्यांनी आवळलेली होडी, आणि शेजारच्या सीटवर बायको.

खरं सांगायचं तर धंदा बायकोच्या घरचा. तिचे वडील ट्रेलर ओढायचे, आणि दहा वर्षांची असल्यापासून ती ट्रेलरच्या मागे उभी राहून दिवे बघायची. सावकाश तिथे नोकरी मागायला गेला तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हातारबुवांनी, त्याला एकच परीक्षा दिली. ट्रेलर रिव्हर्समध्ये फाटकातून आत घे. त्याने तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा ट्रेलर कुंपणात गेला, दुसऱ्यांदा गाडीलाच येऊन भिडला, तिसऱ्यांदा कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर खाली आलं. कोंबड्या अंगणभर पळाल्या आणि म्हातारबुवा कपाळाला हात लावून घरात गेले. तेव्हा मागे उभी असलेली मुलगी खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलर जिकडे जायला हवा तिकडे हात न्या. आणि थोडं थोडं."

चौथ्यांदा ट्रेलर फाटकातून असा सरळ आत गेला की म्हातारबुवा पुन्हा घराबाहेर आले. नोकरी त्या दिवशी मिळाली. लग्न व्हायला आणखी दोन वर्षं लागली, पण सावकाश म्हणायचा की ठरलं होतं ते खिडकीतच.

सासऱ्यांनी त्याला बाकी सगळं शिकवलं. वजन चाकांच्या थोडं पुढे ठेवायचं, मागे कधीच जास्त नाही. मागे जास्त झालं की ट्रेलर डुलायला लागतो, आणि एकदा तो डुलायला लागला की गाडी कुणी चालवायची हे ट्रेलर ठरवतो. ट्रेलरची दांडी गाडीमागच्या लोखंडी बॉलवर बसली की खटका पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा, मग जॅकने दांडी उचलून बघायची. गाडीचं बूड बरोबर उचललं गेलं तर बसली. साखळ्या दोन, दांडीच्या खालून एकमेकींना छेदून बांधायच्या, म्हणजे दांडी सुटलीच तर साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यावर नाही. पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट. आणि सगळ्यात मोठी गोष्ट शेवटी सांगितली.

"डुलायला लागला तर ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंगशी भांडायचं नाही. पाय उचलायचा, सरळ धरायचं आणि वाट बघायची. आपोआप शांत होतो."

"नाही झाला तर?"

"होतो. माणसाला धीर निघत नाही, म्हणून अपघात होतात."

म्हातारबुवा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण हे वाक्य सावकाशच्या पायातच जाऊन बसलं होतं. घरात भांडण झालं तरी तो पाय उचलायचा आणि वाट बघायचा. बायकोला त्याचा भयंकर संताप यायचा. भांडणाऱ्याला समोर कुणीतरी भांडायला हवं असतं, ही साधी गोष्ट त्याला कधी कळली नाही.

निघण्याआधी दिव्यांची तपासणी व्हायची. ती एकट्याने होत नाही. एकाने गाडीत बसून बटणं दाबायची आणि दुसऱ्याने मागे उभं राहून बघायचं. सावकाश खिडकीतून ओरडायचा, ती मागून उत्तर द्यायची.

"डावा."

"लागला."

"उजवा."

"लागला."

"ब्रेक."

"लागला."

"रिव्हर्स."

"लागला. चला."

एकतीस वर्षं, आठवड्यातून चारदा तरी. शब्द तेच, चाल तीच, मधली थांबायची जागाही तीच. शेजारीण म्हणायची की तुमचं लागला-लागला झालं की मला कळतं आता नवऱ्याला उठवायचं. ती दोघं मात्र ते म्हणताना आपण काही बोलतोय असं समजत नसत. श्वास घेतल्यासारखं ते आपोआप व्हायचं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मग रस्ता. सकाळी दरीत धुकं भरलेलं असायचं आणि गाडी उतरायला लागली की होडी त्यात शिरायची. आरशात बघावं तर खाली चाकं नाहीत, रस्ता नाही, नुसती होडी धुक्यावरून मागे मागे येते आहे. सावकाशला त्या वेळी आपण गाडी चालवतोय असं वाटतच नसे. कुणीतरी आपल्याला लांबून हाक मारतंय आणि आपण एक होडी घेऊन त्या हाकेकडे चाललो आहोत, असं काहीतरी वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला सांगायची गरज नव्हती, कारण ती शेजारी बसून त्याच तंद्रीत असायची. मधेच म्हणायची, "हिच्यात एक बाई बसणार आहे. एकटी. रोज संध्याकाळी." किंवा, "ही पोरांची. बूड दोनदा रंगवावं लागेल." होडीत पुढे कोण बसणार हे ती ठरवून टाकायची आणि सावकाश मान हलवायचा. खरंखोटं बघायला कोण जातंय.

ती बोलत नसली तरी तिचे कान मागे असायचे. साखळी नेहमीपेक्षा जास्त वाजली, पट्टा वाऱ्यात फडफडला, तर त्याच्या आधी तिला कळायचं. अर्ध्या वाटेवर एक नळ होता. तिथे थांबून दोघं खाली उतरायची. तो चाकांचे नट आवळून बघायचा आणि ती चाकाच्या मधोमध, जिथे आत बेअरिंग असतं, तिथे तळहात टेकवायची. ग्रीस आटलं किंवा बेअरिंग झिजलं तर ती जागा तापते. जास्त तापली तर चाक धरतं, निखळतं, आणि मग होडी कुठे आणि माणसं कुठे याचा नेम नाही. ती लेकराच्या कपाळाला लावावा तसा हात लावायची आणि म्हणायची, "ताप नाही." मग थर्मासमधला चहा, मग पुढचा उतार.

गेल्या वर्षभरात ती जरा तिरपं बघायला लागली होती. समोर येऊन उभी राहिली तरी मान एका बाजूला, नजर त्याच्या खांद्यापलीकडे. लग्नाला तीस वर्षं होत आल्यावर बायको तिरपी बघते यात कुठल्या नवऱ्याला नवल वाटणार? सावकाशला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलंय, कळेल कधीतरी. त्याने पाय उचलला आणि वाट बघत राहिला. चहा कपाबाहेर सांडायचा तेव्हा ती म्हणायची, गाडी हलली. गाडी उभी असायची. सुईत दोरा ओवायचं तिने सोडून दिलं होतं आणि बटणं तुटलेली तशीच राहत होती. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडत होतं, तरी त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ असलेला माणूस घरात असा ठेचकाळतो.

त्या दिवशी ट्रेलरवर हिरवी होडी होती. नळाशी थांबल्यावर मागून एक दुधाचा टँकर येऊन उभा राहिला आणि त्याचा ड्रायव्हर दार आपटून खाली उतरला.

"काका, जीव घ्यायचाय का? चार वळणं मी तुमच्या मागे आहे. तुम्ही हळू होता आणि मला कळतच नाही. ब्रेकचा दिवा नाही तुमच्या ट्रेलरला. एकही नाही."

"असं होणार नाही," सावकाश म्हणाला. "सकाळी बघून निघालोय."

"मग दाबा. मी बघतो."

सावकाश गाडीत बसला आणि त्याने ब्रेक दाबला. मागून टँकरवाल्याचा आवाज आला, "नाही." पुन्हा दाबला. "नाही." सावकाश उतरला आणि त्याने गाडी आणि ट्रेलर जोडणारी वायरची पिन काढली. तिच्या एका टोकावर हिरवट गंज चढला होता. त्याने तो खिशातल्या चाकूने खरवडला, पिन परत बसवली, गाडीत जाऊन ब्रेक दाबला.

"आता लागला," परका आवाज म्हणाला.

हा शब्द त्याने दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बायको सीटवर बसली होती, कप दोन्ही हातांत धरून.

"सकाळी लागला होता ना?" त्याने विचारलं.

"लागला होता. वाटेत गेला असेल."

होऊ शकतं. पण तो गंज एका सकाळचा नव्हता. तो निदान महिन्याभराचा होता, आणि महिन्याभरात ते सोळा-सतरा वेळा खाली आले होते. हिरवी होडी पाण्यात सोडताना काठावर सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा सावकाश ट्रेलरच्या मागच्या दिव्याकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जे केलं ते त्याला स्वतःलाच आवडलं नाही. पिन नीट बसवली, डावा विचारला, उजवा विचारला. मग पाय ब्रेकवरून काढून खाली, रबरी चटईवर ठेवला.

"ब्रेक."

"लागला," ती म्हणाली. तीच चाल, तीच थांबायची जागा.

त्याला दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाला, "रिव्हर्स." गियरला त्याने हातही लावला नव्हता.

"लागला. चला."

तो उतरून मागे गेला. ती ट्रेलरच्या मागे उभी होती, स्वेटरची वरची दोन बटणं चुकीच्या काजांत घातलेली, मान तिरपी, दिव्याच्या बाजूच्या हवेकडे बघत. तिला तो आलेला कळला, पण तिने तोंड वळवलं नाही.

"आज मी एकटाच जातो," तो म्हणाला.

तिने "का?" असं विचारलं नाही. तेव्हा त्याला सगळं कळलं.

त्याला राग आला होता, आणि तो साधासुधा राग नव्हता. तिला दिसत नाही याचा राग कुणाला येईल? घरात ती हवं ते खोटं बोलली असती तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण ती दिव्यांच्या तपासणीत खोटं बोलली होती. त्या टँकरच्या जागी एखादी मोटरसायकल असती, तिच्यावर नवरा-बायको आणि मधे मूल असतं तर? तो शब्द त्या दोघांचा नव्हताच मुळी. तो मागून येणाऱ्या, कधीही न भेटलेल्या माणसांचा होता. गाडी चालवताना हाच विचार यायचा, आणि मग आरशात होडी दिसली की शेजारची रिकामी सीट दिसायची आणि रागाचं काय करायचं ते त्याला कळेनासं व्हायचं.

आठ दिवस तो एकटा गेला. घराजवळच्या कोपऱ्यावर फर्निचरच्या दुकानाची मोठी काच होती. तिच्यासमोर गाडी मागे घेऊन ब्रेक दाबला की आरशातून काचेतले लाल दिवे स्वच्छ दिसायचे. म्हणजे एकट्याने सगळं होत होतं. गेली एकतीस वर्षं ही काच तिथेच होती, आणि याचं त्याला फार वाईट वाटलं. आपल्या माणसावाचून आपलं अडत नाही, हे कळण्यासारखं दुःख नाही. नळाशी तो चाकांना स्वतः हात लावायचा. इतक्या वर्षांच्या घट्ट्यांनी त्याचे तळहात जाड झाले होते. त्यांना फक्त थंड आणि चटका एवढंच कळायचं. चटका बसत नाही म्हणजे ठीक, असं म्हणून तो पुढे जायचा. धुक्यातून होडी मागे येत राहायची, पण आता तिच्यात कोण बसणार ते कुणी सांगत नव्हतं.

घरी ती दोघं जेवण वाढ, पाणी दे, दार लाव, एवढंच बोलत. लेक दुसऱ्या शहरात होती. तिचा फोन आला की दोघंही उत्साहाने बोलायची आणि फोन ठेवला की पुन्हा गप्प व्हायची.

नवव्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, त्याने रिकामा ट्रेलर आत घेतला. ती बाहेर आली. वाट चाचपत यावं तशी तिने ट्रेलरच्या कडेवरून हात फिरवत आणला आणि सवयीने तो चाकाच्या मधोमध टेकवला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन दुसऱ्या चाकाला टेकवला. पुन्हा पहिल्याकडे आली.

"याला ताप आहे," ती म्हणाली.

"मी बघितलंय हात लावून. ठीक आहे."

"तुमच्या हाताला काय कळतंय? त्याला नाही, याला आहे. चांगलं तापलंय."

त्याला वाद घालायचा नव्हता म्हणून त्याने जॅक लावला आणि चाक खोललं. आतलं ग्रीस जळून काळं झालं होतं आणि बेअरिंगच्या पोलादावर निळी झाक आली होती. आणखी एक खेप, होडी लादलेली, उतारावर, आणि चाक निघून गेलं असतं. तो ते तळहातावर घेऊन मटकन पायरीवर बसला. ती त्याच्या शेजारी बसली.

"मधेच नाही दिसत," ती म्हणाली. "कडेचं दिसतं, तेही धूसर. दिवा लागला की नाही ते कळत नाही. तुमच्याकडे सरळ बघितलं की नुसते कान दिसतात."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"लेकीकडे गेले होते तेव्हा दाखवलं. म्हणाले, डोळ्यातला पडदा मधे खराब झालाय. गेलं ते येणार नाही, उरलंय ते बहुतेक राहील. तिला मीच म्हटलं, बाबांना सांगू नको."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला घरी बसवलं असतं."

सावकाशने विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "बसवलंच असतं," तो म्हणाला.

"मग? दहा वर्षांची होते तेव्हापासून मी त्या ट्रेलरच्या मागे उभी आहे. तिथून काढलं तर मी कुठे उभी राहू?"

तो बेअरिंग बोटांनी फिरवत बसला. ते करकरत होतं.

"मागे कुणी असतं आणि मेलं असतं, तर?" त्याने शेवटी विचारलं.

"माहीत आहे मला. रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि तुम्ही ब्रेक म्हटलं की तोंडातून लागलाच यायचं. माझी मलाच लाज वाटायची."

"त्या दिवशी मी पाय ठेवलाच नव्हता."

"तेही माहीत आहे. तुमचं पेडल कुरकुरतं. त्या दिवशी नाही कुरकुरलं."

"मग लागला कशाला म्हणालीस?"

"तुम्ही पकडावं म्हणून," ती म्हणाली. "माझ्याच्याने सांगवत नव्हतं."

सावकाशच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते दिसणार नव्हतं, म्हणून त्याने पुसलंही नाही. पण ती म्हणाली, "रडू नका, ग्रीसचा हात आहे, डोळ्यात जाईल." तेव्हा त्याला हसू आलं, आणि नऊ दिवस डुलत असलेलं काहीतरी हळूहळू सरळ झालं.

दुसऱ्या दिवशी नवं बेअरिंग बसवून झाल्यावर त्याने एक काठी घेतली, तिचं एक टोक ब्रेकवर आणि दुसरं सीटला लावून पेडल दाबून ठेवलं आणि मागे आला. दिवा लाल लागला होता. त्याने काचेवर तळहात ठेवला. काहीच कळलं नाही. मग तिचा हात धरला आणि तिथे ठेवला.

"काय करताय?"

"थांब जरा. आत जुना बल्ब आहे."

दोघं तशीच उभी राहिली. दहा, वीस, तीस आकडे झाले असतील.

"ऊब येतेय," ती म्हणाली. मग हात काढून शेजारच्या पत्र्यावर ठेवला, परत दिव्यावर ठेवला. "हो. येतेय."

तो जाऊन काठी काढून आला. तिने हात तसाच ठेवला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "गेला."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. बापाची लेक होती. "काठीने भागतंय की तुमचं. कोपऱ्यावरच्या काचेनेही भागत होतं, शेजारणीने सांगितलं मला. मला उगाच बरं वाटावं म्हणून नका करू."

"काठीला बेअरिंगचा ताप कळत नाही," तो म्हणाला.

यावर तिने दोन अटी घातल्या. पहिली, घरून निघाल्यावर कोपऱ्यावरच्या काचेलाही एकदा विचारायचं, तिच्या शब्दावर जायचं नाही. दुसरी, पेडलला ग्रीस लावायचं. "नाहीतर मी कानाने उत्तर देईन. पेडल कुरकुरलं म्हणजे दिवा लागला असं नाही." त्याने पेडलला ग्रीस लावलं आणि ते मुकं झालं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एकदा म्हणाला, "काका, ते जुने बल्ब काढा, एलईडी टाका. जन्मभर बघायला नको."

"गरम होतात का?"

"छे! हात लावून बघा, थंडगार."

"मग नकोत," सावकाश म्हणाला आणि त्याच्या दुकानात पडलेला जुन्या बल्बचा आख्खा खोका उचलून आणला. साठी बुद्धी नाठी, असं वायरिंगवाल्याने पुढे महिनाभर सगळ्यांना सांगितलं. सावकाशच्या कानावर ते आलं, पण त्याने काही खुलासा केला नाही.

नव्या पद्धतीने निघायच्या पहिल्या सकाळी ट्रेलरवर पांढरी होडी होती. धुकं त्या दिवशी अंगणापर्यंत वर आलं होतं. गाडी फाटकाशी जरा वळून उभी होती, त्यामुळे आरशात ट्रेलरचा मागचा कोपरा दिसत होता आणि तिथे ती उभी होती. नव्या बटणांचा स्वेटर, मान तिरपी, तळहात दिव्यावर सपाट ठेवलेला. डावा आणि उजवा चालू ठेवून त्याने आधीच स्वतः मागे जाऊन बघितले होते.

"ब्रेक," तो म्हणाला.

उत्तर लगेच येणार नव्हतं, हे त्याला माहीत होतं. तो आरशात बघत राहिला. धुक्यात तिचे पाय दिसत नव्हते, ट्रेलरची चाकंही नाहीत. ती आणि होडी दोघीच कुठेतरी अधांतरी थांबल्या होत्या. त्याला खुराडं आठवलं, पळणाऱ्या कोंबड्या आठवल्या, खिडकीशी आलेला तो आवाज आठवला. हात खाली धरा. थोडं थोडं. आता ती गाडीत येऊन बसेल आणि सांगेल हिच्यात कोण बसणार आहे. कुणीही बसो. त्याला वाटलं, हा उतार संपूच नये, आपण असंच होडी घेऊन खाली खाली जात राहावं.

"नाही लागला," ती म्हणाली.

एकतीस वर्षांत हे दोन शब्द त्याने तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. तो दचकला. पिन गंजली की काय, बल्ब गेला की काय, वायर तुटली की काय, सगळं एका दमात त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने खाली बघितलं. त्याचा पाय रबरी चटईवर होता. या वेळी त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. तो विसरला होता.

"पाय कुठंय तुमचा?" मागून आवाज आला.

त्याने पाय ब्रेकवर ठेवला आणि तिचा हात गरम होईपर्यंत थांबून राहिला.